आमचाच माणूस

रिक्षा शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला वळली आणि वृंदाला विजेच्या खांबावर स्वतःची बोटं दिसली. चार बोटं, त्यातल्या एकात आईची पोवळ्याची अंगठी, आणि ती बाबांच्या खांद्यावर अगदी सैल, विश्वासानं टेकलेली. मनगटापाशी बॅनरवरचा फोटो संपत होता. तिथून पुढे एक गडद पट्टा, पट्ट्यात हात जोडलेले पुढारी, त्यांच्याखाली त्यांच्याहून लहान चेहऱ्यांची रांग. बाबांच्या डोक्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. छातीखाली, ‘पक्षाचे निष्ठावंत कार्यकर्ते व आमचे मार्गदर्शक कै. श्यामकांत सबनीस’. आणि शोकाकुल मंडळींत सगळ्यात शेवटी तिच्या धाकट्या भावाचं, यज्ञेशचं, नाव. तिनं रिक्षा थांबवायला सांगितली. मंदिर अजून पुढे आहे, असं रिक्षावाला हिंदीत समजावत होता, तेव्हा ती उतरलीही होती. राग आला असता तर बरं झालं असतं. पण आला तो संकोच; गॅलरीत वाळत घातलेलं आपलं काहीतरी वाऱ्यानं उडून भर रस्त्यात पडावं, तसा. तिनं हात पिशवीच्या बंदाखाली दडवला, जणू येणारा-जाणारा वर पाहून मग खाली तिच्या बोटांकडे पाहणार होता. कोणी पाहिलं नाही. बेलफुलं विकणाऱ्या बाईनं तेवढं विचारलं, की सबनीस साहेब गेले ना, चांगला माणूस होता, पण ते पक्षात कधी गेले?

तोच प्रश्न होता. बाबा फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले, तोवर आणि त्यानंतरही कुठल्याच पक्षात गेले नव्हते. मतदानाच्या दिवशी मात्र ते लग्नाला निघाल्यासारखे तयार व्हायचे. दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. परत आले की बोटावरची शाई लहान मुलासारखी दाखवायचे. कुणाला दिलंत, असं आई दर वेळी विचारायची, आणि ते दर वेळी म्हणायचे, गुप्त मतदान असतं, गुप्त. आई एकदा वैतागून म्हणाली होती, “सवतीचं नाव सांगितलंत तरी चालेल, पण मत सांगा एकदाचं.” ते हसले आणि त्यांनी चहा मागितला. आई हे कोडं तसंच घेऊन गेली. वृंदाला मात्र ते कोडं कधी वाटलंच नाही. तिला ठाऊक होतं. उल्हासनगरच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती; ग्रंथालय बंद करून, ती बदलापूरला घरी जाण्याआधी अंबरनाथला उतरायची. बाबांच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, दिवसभर वाचलेलं, मनात साठलेलं त्यांना सांगायची. देशाचं काय चाललंय, माणसं कशी बोलायला लागलीत, भीती कशी हळूहळू घरात येऊन बसते. बाबा चष्मा काढून ऐकायचे. चष्मा काढला की त्यांचे डोळे उघडे, ओले दिसायचे, आणि त्या डोळ्यांत तिला आपलं म्हणणं जसंच्या तसं उतरलेलं दिसायचं. इतकं ऐकणारा माणूस आपल्या बाजूचा नसेल, हे तिच्या मनाला कसं शिवणार?

खांबाखाली उभी असतानाच फोन वाजला. हरिचंद्र काका. ते जुन्या गावातले, शेती गेल्यावर फॅक्टरीत लागलेले, बाबांच्याच खात्यात जन्म काढलेले, आणि आता समोरच्या पक्षाचं इथलं मोठं माणूस. त्यांनीही बॅनर पाहिला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तुझ्या भावानं बापाला मेल्यावर पक्षात घेतला. आता आम्हीही लावणार. समोरच्याच खांबावर, आणि ह्याच्यापेक्षा मोठा. रविवारच्या शोकसभेला त्या पोराचा पुढारी स्टेजवर बसणार असेल, तर आमच्यातलं कोणी पाऊल ठेवणार नाही, हेही ऐकून ठेव. वृंदानं विचारलं, की काका, तुमच्या बॅनरवर तरी काय लिहिलंय?

“काय लिवनार? आमचाच मानूस, लिवलंय. व्हता ना तो आमचाच. तुला ठावं नाय काय, बाय?”

फोन ठेवल्यावर तिला बाबांची रविवारची बैठक आठवली. खरं म्हणजे आठवली नाही, ती तिच्या डोळ्यांसमोरच होती, रस्त्यापलीकडे, फॅक्टरीच्या कॉलनीच्या कुंपणाआत, बदामाच्या झाडाखालच्या त्या सिमेंटच्या दोन बाकांवर. आता तिथे एक कुत्रं झोपलं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी एका निवडणुकीत, मतदान केंद्राबाहेर टेबलं टाकून बसलेली दोन्हीकडची पोरं एकमेकांवर धावून गेली. दगड आले, हरिचंद्र काकांच्या पुतण्याचं डोकं फुटलं, आणि महिनाभर कॉलनीत ह्या बाजूचा माणूस त्या बाजूच्या दुकानातून दूध घेईना. तेव्हा बाबांनी घरून चहाची किटली आणून ह्या बाकांवर ठेवली आणि दोन्हीकडच्यांना बोलावलं. नियम एकच. आपलं म्हणणं मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. तो ‘हो, असंच म्हणायचं होतं मला’ म्हणाला, की मग आपली पाळी. पहिल्या रविवारी हरिचंद्र काकांना ते काही केल्या जमेना. शेवटी कसंबसं सांगून झाल्यावर ते म्हणाले, की हे बोलताना माझ्या जिभेला फोड आला, सबनीस, आता चहा कसा पिऊ? तेव्हा जो हशा झाला, त्यात महिनाभराचं बरंच काही वाहून गेलं. मत कोणाचंच बदललं नाही. पुढच्या निवडणुकीत तीच माणसं त्याच टेबलांवर बसली. वृंदा तेव्हा कॉलेजात शिकत होती, तडफदार होती. मग उपयोग काय ह्याचा, असं तिनं विचारलं. बाबा किटली विसळत होते. मतं बदलायला प्रचार आहे की, ते म्हणाले. आम्ही बसतो ते एकमेकांच्या मयताला जाता यावं म्हणून.

आणि आता त्यांचंच मयत झालं होतं, आणि रविवारी अर्धी माणसं येणार नव्हती. तिनं पुन्हा रिक्षा केली आणि एमआयडीसीला जायला सांगितलं.

यज्ञेशचं दुकान तिकडे होतं. कामगारांचे हातमोजे, हेल्मेट, लोखंडी टोकाचे बूट, नाकावर लावायचे मास्क. ती ह्या दुकानात बऱ्याच दिवसांत आली नव्हती. दुरावा कशानं पडला, हे कोणी विचारलं असतं तर सांगायला लाज वाटावी, एवढंसं कारण. घरच्या ग्रुपवर त्यानं काहीतरी पुढे पाठवलं होतं, ज्यांना हे पटत नाही त्यांनी देश सोडून जावं, अशा अर्थाचं. तिनं सगळ्या मावश्या-आत्यांसमोर लिहिलं, की कुठे जायचं तो पत्ताही कळव, म्हणजे सामान बांधते. तिला ते आपलं वाक्य आवडलं होतं. तिचं वाक्य अनेकांना आवडलं. त्यानं उत्तर दिलं, की तुम्हा पुस्तकवाल्यांना आमच्यासारखी दुकानदार माणसं कधी माणसं वाटलीच नाहीत, आणि तो ग्रुपमधून बाहेर पडला. त्या वर्षी भाऊबीजेला तो आला नाही. तिनंही निरोप धाडला नाही. बाबा दुपारी बदलापूरला तिच्याकडे जेवले आणि संध्याकाळी अंबरनाथला त्याच्याकडे. दोन्हीकडे बासुंदी होती, आणि साखरेचा आजार असलेल्या माणसानं दोन्हीकडे वाटी पुसून घेतली, म्हणजे कोणालाही कमी-जास्त वाटायला नको. समेट करा, असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी म्हणावं, ह्याची ती वाट पाहत होती. ते म्हणाले असते तर ती त्याच पावली गेली असती. का म्हणाले नसतील? अख्ख्या कॉलनीला एका बाकावर बसवणारा माणूस स्वतःच्या पोरांपुढे गप्प कसा राहिला? गेले काही दिवस ती ह्या एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येऊन थांबत होती, जीभ जशी दुखऱ्या दातापाशी जाते.

हॉस्पिटलात त्यांनी वेळा वाटून घेतल्या. दुपारपर्यंत ती, त्यानंतर तो. औषधांचं, खाण्याचं नर्सबाईंकडे सांगून ठेवायचं. एकमेकांशी बोलावं लागलं तर फोनवर, कामापुरतं, परक्या माणसाशी बोलावं तसं स्वच्छ. शेवटच्या दुपारी ती निघाली तेव्हा बाबा डोळे मिटून पडले होते. जाते हं, असं ती म्हणाली, त्यांनी मान हलवली. ती खाली पोचेपर्यंत आणि तो वर पोचेपर्यंत मध्ये जी काही मिनिटं गेली, त्यात ते गेले.

दुकानात रबराचा आणि नव्या चामड्याचा वास होता. यज्ञेश पाठमोरा, फळीवर बुटांचे खोके लावत होता. केस विरळ झाले होते त्याचे, आणि मान पाठीमागून अगदी बाबांसारखी, दोन शिरांमध्ये खोलगट. त्यानं वळून पाहिलं, आणि गिऱ्हाइकासाठी ठेवलेलं स्टूल पुसून पुढे केलं. चहा सांगू का, म्हणाला. ती नको म्हणाली. मग दोघंही थोडा वेळ समोरच्या भिंतीवर लटकलेल्या पिवळ्या हेल्मेटांकडे पाहत राहिले.

तिनं रस्त्यात वाक्यं जुळवली होती. निष्ठावंत कार्यकर्ते, हा शब्द तू कसा लिहिलास? त्यांच्या आयुष्यावर तुझा एवढा अधिकार? पण तोंडातून निघालं ते वेगळंच. “माझे बाकीचे हात-पाय कुठे टाकलेस?”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा कसानुसा झाला. “मी पूर्ण फोटो दिला होता गं, ताई. प्रिंटवाल्यानं कापला. मी खांबावर चढल्यावर पाहिलं.” त्यानं फोन काढून दाखवला. भाऊबीजेची दुपार होती ती. तिच्या मुलीनं, हिमानीनं, जेवणं झाल्यावर काढलेला फोटो. बाबा खुर्चीत, ओठावर बासुंदीची साय, ती त्यांच्यामागे वाकलेली, दोघंही कशाला तरी खदखदून हसताहेत. बाबांनी त्याच संध्याकाळी तो यज्ञेशला पाठवला होता. सोबत एक अक्षर नाही. आणि त्यानं तो तेव्हापासून ठेवला होता. “हसताना माझ्याकडे तेवढाच आहे त्यांचा,” तो म्हणाला. “माझ्याकडे ते असे हसायचे नाहीत. ऐकत बसायचे.”

“काय ऐकायचे?”

“माझंच. दुकान बंद केल्यावर रोज जायचो मी. देश कसा चाललाय, इतकी वर्षं आपल्याला कसं खाली मान घालायला लावलं, आता कुठे ताठ उभं राहता येतंय. सगळं सांगायचो. ते चष्मा काढून ऐकायचे. एकदाही म्हणाले नाहीत, की तुझं चुकतंय. म्हणून तर लिहिलं, ताई. खोटं नाही लिहिलं. ते आमच्यातलेच होते.”

वृंदा घरी गेल्यावर, तिच्या चहाचा कप विसळायच्याही आत, तो येत असणार. तोच ओटा. तोच काढून ठेवलेला चष्मा. तिच्या डोळ्यांपुढे ते डोळे आले, उघडे, ओले, आणि त्यांत आता तिचं एकटीचं म्हणणं दिसेना. तिला आपल्या बापाचा एक मोठा तुकडा, इतकी वर्षं छातीशी धरलेला, कोणीतरी हळूच काढून घेतल्यासारखं झालं. आणि त्याच वेळी हेही समजलं, की समोरचा माणूस आत्ता, ह्या क्षणी, तोच तुकडा गमावणार आहे, आणि तो तिनंच काढून घ्यायचा आहे. ती गप्प राहू शकली असती. यज्ञेश तिच्याकडे पाहत होता, लहानपणी परीक्षेचा निकाल हातात देताना पाहायचा तसा.

“मलाही ते कधी नाही म्हणाले नाहीत,” ती शक्य तितक्या हळू म्हणाली. “मी तर पक्कं धरून होते, की ते माझ्या बाजूचे. हरिचंद्र काकासुद्धा तेच म्हणतायत. आमचाच माणूस.”

तो बराच वेळ हातातल्या बुटाच्या लेसशी खेळत राहिला. बाहेरून पाळी सुटलेल्या कामगारांनी भरलेल्या रिक्षा जात होत्या. मग तो एकदम हसला, नाकातून, आणि हसता हसता त्याचा आवाज चिरकला. “म्हणजे म्हातारा नुसता ऐकत होता?”

“ऐकत होता.”

“सगळ्यांचं?”

“दमत असतील रे,” ती म्हणाली, आणि हे तिला बोलतानाच सुचलं, आधी कधीच नाही. दोन्हीकडची बासुंदी. दोन्हीकडचा राग. रात्री दार लावून झाल्यावर ते त्या ओट्यापाशी एकटे उभे राहत असतील, तेव्हा त्यांच्या मनात कोण बोलत असेल? त्यांचं स्वतःचं म्हणणं काय होतं, हे विचारावं असं दोघांतल्या एकालाही कधी सुचलं नव्हतं. तिला वाटलं, गप्प राहण्याचं कारण कदाचित एवढंच असेल, की त्यांनी तोंड उघडलं असतं तर दोघांपैकी एकाचं यायचं बंद झालं असतं. पण हेही तिचंच म्हणणं. ते खरं की काय, हे सांगायला आता कोण होतं?

“त्या दिवशी मी खाली उभा होतो,” यज्ञेश बुटाकडेच पाहत म्हणाला. “पार्किंगमध्ये. तू उतरून जायची वाट बघत.”

“मी जिन्यानं उतरले. लिफ्टमध्ये भेटशील म्हणून.”

ती मिनिटं दोघांची होती, अर्धी अर्धी, आणि ती तशीच राहणार होती. त्यानं खिशातला रुमाल काढला, तिच्यापुढे धरला, मग तो मळका आहे असं लक्षात येऊन मागे घेतला, आणि फळीवरचं नवं पाकीट फोडून तिला एक पांढरा सुती हातमोजा दिला. तिनं त्यानं डोळे पुसले.

बॅनर उतरवणं सोपं नाही, हे त्यानं दुकानाचं शटर ओढताना सांगितलं. वॉर्डाच्या अध्यक्षपदासाठी त्याचं नाव होतं. शोकसभेत पुढारी बोलणार, फोटो निघणार, आणि दोन दिवसांनी नाव जाहीर होणार, असं ठरल्यात जमा होतं. आता त्यांना, स्टेज नाही, सगळ्यांबरोबर खाली सतरंजीवर बसा, हे सांगायचं म्हणजे काय होईल ते उघड होतं. वृंदानं काकांची अट सांगितली होती, पण उतरव म्हटलं नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, की रविवारी हरिचंद्र काका आले नाहीत, तर तुला बरं वाटेल का? रिक्षात बसताना त्यानं पिशवीत पक्कड घेतलेली तिनं पाहिली.

चौकात पोचले तेव्हा समोरच्या खांबाला शिडी लागली होती. हरिचंद्र काका खाली उभे राहून दोन माणसांना सूचना देत होते. जमिनीवर त्यांचा बॅनर पसरलेला, त्यावर फॅक्टरीतल्या गणवेशातले तरुण बाबा, भरघोस मिशांचे. यज्ञेशला पाहून काकांनी तोंड फिरवलं. बेलफुलंवाली बाई आपली टोपली घेऊन जरा मागे सरकली. वृंदाला वाटलं, आता काहीतरी बोललं जाईल, आणि ते एकदा बोललं गेलं की रविवार गेला, आणि रविवारनंतरचंही सगळं गेलं. यज्ञेश रस्ता ओलांडून थेट काकांसमोर जाऊन उभा राहिला.

“काका, तुमची शिडी हवी होती.”

“कशाला? आमच्या डोक्यावर चढायला?”

“माझा बॅनर उतरवायला.”

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग वृंदाकडे पाहिलं. तिनं मान हलवली की नाही, हे तिला स्वतःलाही आठवलं नसतं. काकांनी माणसांना खूण केली. शिडी ह्या खांबाहून त्या खांबाला आली, आणि यज्ञेश चढू लागला तेव्हा ती खालून घट्ट धरून काकाच उभे राहिले, दोन्ही हातांनी, मान वर करून, पाय जपून टाक रं, गंजलीय ती, असं पुटपुटत. वर असताना यज्ञेशच्या खिशातला फोन वाजला. त्यानं तो काढून पाहिला, तसाच वाजता ठेवला, आणि पक्कड तारेला लावली. तारा सुटल्या तसा तो एवढा मोठा कागद-प्लॅस्टिकचा बाप आधी एका बाजूनं कलला आणि मग शिडीवरून, काकांच्या डोक्यावरून, सावकाश खाली आला. काकांनी तो अंगावर झेलला.

“माझा मंग मी घरात लावतो,” त्याखालून बाहेर येत ते म्हणाले. “घरात तर चालंल ना, बाय?”

चालेल, असं ती म्हणाली. मग बॅनरची घडी घालायला तिघं वाकले आणि तिघंही थांबले, कारण घडी कुठूनही घातली तरी ती बाबांच्या चेहऱ्यावरून जात होती. शेवटी गुंडाळायचं ठरलं. गुंडाळी माणसाएवढी लांब झाली. रिक्षात मावणार नव्हती. काकांनी माणूस देऊ केला. यज्ञेश नको म्हणाला, आणि पुढचं टोक त्यानं खांद्यावर घेतलं. मागचं वृंदानं.

निवृत्तीनंतर बाबांनी घेतलेल्या घरापर्यंतचा रस्ता तसा थोडाच होता, पण संध्याकाळची गर्दी होती आणि दोघांची उंची सारखी नव्हती. तो झपाझप चालायला लागला की तिच्या खांद्याला ओढ बसे; ती रेंगाळली की त्याला थांबावं लागे. शोकसभेत सतरंज्या कुठून आणायच्या, चहा कोण करेल, एवढंच बोलणं झालं. मग रस्त्याच्या रुंदीकरणासाठी काढायच्या दुकानांवरच्या लाल खुणा लागल्या, आणि त्या दिसताच त्याची मान ताठ झाली, हे तिला मागून दिसलं. ह्या दुकानांसाठी तिच्या बाजूची माणसं उपोषणाला बसली होती. ती स्वतः एक दुपार बसून आली होती.

“एक सांगू?” तो पुढे पाहतच म्हणाला. “ह्या रस्त्याच्या बाबतीत तुझी माणसं साफ चुकतायत, ताई.”

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. चांगलं होतं, धारदार, दोन बाजूंनी कापणारं. तिनं खांद्यावरची गुंडाळी जरा सारखी केली, एक पाऊल लांब टाकून त्याच्या चालीशी चाल मिळवली, आणि ते उत्तर गिळायला किती जड जातं हे तिला पहिल्यांदाच कळलं.

“कुठे चुकतायत, ते सांग,” ती म्हणाली. “घर येईपर्यंत सांग.”